पन्नास किलोमीटर, एक तास

हद्दीलगतच्या आमच्या उज्द्यात कुणाचं माणूस पलीकडे अल्जीरियात वारलं, की डोळे पुसून व्हायच्या आत घरातलं कुणीतरी आमच्या विमान-तिकिटांच्या एजन्सीचं काचेचं दार ढकलून आत येतं. माझ्या टेबलाकडे बघतसुद्धा नाही. सरळ बेनयूनससमोर जाऊन उभं राहतं आणि विचारतं, "असर मिळेल का?"

किती तास लागतील, असं कुणी विचारत नाही. मय्यत तासांवर थांबत नाही, नमाजेवर थांबते. सकाळी गेलेल्याला दुपारच्या जोहरनंतर माती देतात, दुपारी गेलेल्याला तिसऱ्या प्रहरच्या असरनंतर. पोटची पोरं लांब असली तर फार फार तर दुसऱ्या दिवशीच्या असरपर्यंत थांबवतात, त्यापुढे नाही. म्हणून बेनयूनसही उत्तर तासांत देत नसे. तो डोळे मिटायचा, ओठातल्या ओठात पुटपुटायचा आणि म्हणायचा, "मिळेल. निघा." नाहीतर म्हणायचा, "नाही मिळणार. घरीच फातिहा वाचा." अठ्ठावीस वर्षं तो हे सांगत होता. त्यातली एकोणीस वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होते, आणि तो चुकलेला मी एकदाही पाहिला नव्हता.

माझ्याकडे उमऱ्याच्या यात्रेला जाणारे म्हातारे आणि ब्रसेल्सला नवऱ्याकडे निघालेल्या नवऱ्यामुली. त्याच्याकडे मय्यतवाले. हे कुणी वाटून दिलेलं नव्हतं, आपोआप झालं. समोरच्या कॅफेतले रिकामटेकडे म्हणायचे, "पोरगी सासरी धाडायची असेल तर हफीदा, म्हातारी मातीत घालायची असेल तर बेनयूनस." त्याच्या कानावर जायचं ते. तो हसायचा आणि सिगारेट पेटवायचा. उंच, वाळका माणूस, बारा महिने तेच तपकिरी जाकीट, दात तंबाखूने पिवळे पडलेले. त्याच्या टेबलामागे भिंतीवर जुना नकाशा होता आणि त्यावर दोन टाचण्या टोचून त्याने एक लाल दोरा ताणला होता. एक टाचणी आमच्या अंगाद विमानतळावर, दुसरी पलीकडच्या तिलिमसानच्या विमानतळावर. दोऱ्याची लांबी बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

सरळ रेषेत पन्नास किलोमीटर. विमान उडालं तर दहा मिनिटं, तीही वर चढायला आणि खाली उतरायला. "पट्टा बांधतोय तोवर सोडायची वेळ," असं मी म्हणायचे. पण तसलं विमान कधी उडत नाही. जमिनीवरची हद्द बंद होऊन तीस वर्षं झाली, आणि ज्या रमजानाची ही गोष्ट, त्याच्या दोनअडीच वर्षं आधी आभाळही बंद झालं. त्याआधी निदान कासाब्लांकाहून पलीकडच्या वहरानला सव्वा तासात उतरता यायचं. आता आधी घराकडे पाठ करून पाचशे किलोमीटर पश्चिमेला कासाब्लांका. तिथून ट्युनिस, तेही नाकासमोर नाही, अल्जीरियाच्या आभाळाला वळसा घालून समुद्रावरून. ट्युनिसहून परत मागे वहरान. आणि वहरानहून दोन तास टॅक्सी. पन्नासाचे तीन हजारांवर होतात. सरळ तोंडात जाणारा घास डोक्यामागून फिरवून खायचा, दुसरं काय? ज्यांनी ही दारं लावली त्यांची माणसं कधी मरत नसावीत.

बेनयूनसचा पहिला प्रश्न असायचा, "जाणार कोण? बाप्या की बाई?" नवख्याला हे आगाऊपणाचं वाटायचं, पण त्यात हिशेब होता. पुरुष कबरस्तानात पोहोचला तरी भागतं, मूठभर माती तरी घालता येते. बाया कबरस्तानात जात नाहीत. जनाजा घरातून उचलायच्या आत त्यांना दारात असावं लागतं, तरच तोंड दिसतं. म्हणून बाईसाठी तो अर्धा तास अलीकडचा धरायचा.

आणि त्याचं 'नाही' म्हणजे नाही. कुणी हातापाया पडलं तरी तो तिकीट काढून देत नसे. फार वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, त्याने एका सुताराला 'बघा, नशीब असेल तर मिळेल' असं म्हणून पाठवलं होतं. सुतार पोहोचला तेव्हा अंगणातल्या सतरंज्या गुंडाळत होते आणि लोक कुसकुसची ताटं पुसून उठत होते. परत आल्यावर तो भांडला नाही. फक्त आदराचं 'सी' लावूनच म्हणाला, "सी बेनयूनस, तू मला नाही म्हणायला हवं होतंस." तेव्हापासून नशीब हा शब्द बेनयूनसने टाकून दिला. कुणाला विचारायचं नाही, कुणाकडे मिनिटं मागायची नाहीत, आपला हिशेब आपण करायचा आणि एक शब्द सांगायचा. याचा त्याला गर्व होता. मला तेव्हा तो गर्व शोभूनही दिसायचा, खोटं कशाला बोलू?

त्याची बायको यमीना पलीकडचीच, मघनियाची. मघनिया म्हणजे आमच्यापासून मोटारीने अर्धा तास, रस्ता उघडा असता तर. लग्न झालं तेव्हा तो उघडा होता. वरातीला पाऊण तास लागला, तोही ढोलवाले हद्दीवरच्या जूज बघालच्या चौकीवर नाचत बसले म्हणून. लग्नानंतर चार वर्षं यमीना दुपारच्या जेवणाला माहेरी जायची आणि संध्याकाळी चुलीपाशी परत. मग एका उन्हाळ्यात चौकीवर आडवे खांब पडले. पुढे दोन वर्षांतून एकदा विमानाने, आणि आभाळ बंद झाल्यापासून एकदाही नाही. "पुढच्या वसंतात जाऊ," असं बेनयूनस म्हणायचा. गुडघे दुखतात, प्रवास लांबचा, मुली फ्रान्सहून येणार आहेत, काही ना काही निघायचं.

बाई मोठी हसरी. दर शुक्रवारी माझ्यासाठी जाळीदार पोळ्या घेऊन एजन्सीत यायची आणि नवऱ्याची टिंगल करायची. "काय सांगू हफीदा, याला विचारलं, भाजीत मीठ पुरेसं आहे का? तर डोळे मिटून म्हणतो, असरपर्यंत पुरेल." तो मान खाली घालून हसायचा. तिची आई खैरा, मानाने लल्ला खैरा, अठ्ठ्याऐंशीची. डोळे गेलेले, कान शाबूत. रोज फोनवर लेकीला विचारायची, "कुठवर आलीस गं?" जणू लेक रस्त्यातच आहे. यमीना कधी म्हणायची "आले, चौकीपाशी आले", कधी म्हणायची "भाजी चिरतेय, मग निघते". दोघी हसायच्या.

रमजान लागायच्या आदल्या शनिवारी एजन्सी बंद करताना मी खुर्चीवर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे केलं. रमजानात आमचा देश दरवर्षी तास मागे घेतो, अल्जीरिया घेत नाही. अकरा महिने दोन्हीकडे एकच वेळ, आणि या एका महिन्यात ते आमच्या तासभर पुढे. बेनयूनसने खुर्ची धरली होती. "सरकारने एक तास आयुष्य वाढवून दिलं," तो म्हणाला, "आता तो कुठे घालवायचा तेही सांगा म्हणावं." घड्याळाशेजारी मी मशिदीतून आणलेलं महिन्याच्या नमाजांचं पत्रक चिकटवलं.

तिसरा रोजा होता. सकाळी साडेनऊची वेळ. बेनयूनसला रमजान चढला होता. सिगारेट नाही, कॉफी नाही, कपाळ ठणकतंय, बोटं टेबलावर वाजताहेत. अशा वेळी त्याच्याशी कुणी बोलायला जात नाही. त्याचा फोन वाजला. तो नेहमी फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पलीकडे यमीनाचा भाऊ कद्दूर होता.

"नसीबी," कद्दूर म्हणाला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला असंच म्हणतात. "नसीबी, आई गेली."

बेनयूनसने कुणी गेल्यावर म्हणतात ती आयत म्हटली. मीही म्हटली.

"आत्ता गेली. सकाळी दोन घोट दूध घेतलं, मला म्हणाली खिडकी उघड. उघडून वळलो तर... यमीनाला तू सांग बाबा. माझ्याच्याने होणार नाही."

"माती कधी?"

"सगळे आजच म्हणत होते. मी इमामाशी भांडलो. म्हटलं, बहीण आहे माझी पलीकडे, ती यायच्या आत आईला उचललं तर याद राखा. उद्या असरपर्यंत थांबतो म्हणालेत. पुढे नाही. इफ्तारच्या तोंडावर कबरस्तानात कोण येणार?"

"उद्या असर."

"उद्या असर. मिळेल का रे तिला?"

"बघून सांगतो," म्हणून बेनयूनसने फोन ठेवला. दोघांपैकी कुणीही किती वाजता ते बोललं नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. असर म्हणजे असर, ती का कुणाला समजावून सांगायची असते? मीही तिथेच बसले होते, कान होते मला, डोकं होतं, आणि घड्याळ मागे करणारे हातही माझेच होते. माझ्याही मनात काही आलं नाही.

त्याने डोळे मिटले नाहीत. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. त्याने भिंतीवरच्या पत्रकाकडे पाहिलं, असर तीन चाळीस. मग पडद्यावर विमानं बघितली. संध्याकाळच्या कासाब्लांकाच्या विमानात जागा होती, सकाळी ट्युनिस, आणि तिथून वहरानला दुपारी सव्वा वाजता उतरणार. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. टॅक्सीला दोन. म्हणजे पावणेचारला दारात. बाई असल्यामुळे अर्धा तास अलीकडे, जनाजा तीन दहाला उचलणार. त्याने हे तीनदा केलं, टेबलावर बोट फिरवत. दुसऱ्यांच्या मय्यतीला त्याचं बोट कधी असं फिरलं नव्हतं. आधीच्या दोन रमजानांत त्याने लोकांसाठी न चुकता पलीकडचा तास धरला होता, मी स्वतः ऐकलंय. घरच्या मय्यतीला तो तास त्याच्या डोक्यातून निघून गेला.

"पस्तीस मिनिटं," तो म्हणाला. "पस्तीस मिनिटांनी हुकतेय."

"अहो, मग कद्दूरला सांगा की! पाऊण तास थांबवा म्हणावं."

"असर झाल्यावर म्हातारीला ताटकळत ठेवू? तो आधीच इमामाशी भांडून बसलाय."

"एक फोन करायला काय जातं, सी बेनयूनस?"

"अठ्ठावीस वर्षांत मी कुणासाठी मिनिटं मागितली नाहीत," तो चिडून म्हणाला. "लोकांच्या आयांना थांबू दिलं नाही, आणि माझ्या सासूला थांबवू? लोक काय म्हणतील?"

एक फोन. कद्दूरने तिथल्या तिथे म्हटलं असतं, 'अरे, पावणेचारला येतेय तर असरला अजून तास आहे, वेडा झालास का?' पण फोन झाला नाही. रमजानाच्या दिवशी त्याच्याशी वाद घालायचा मलाही कंटाळा आला आणि मी माझ्या कामाला लागले.

तो घरी गेला. पुढचं मला यमीनाने नंतर सांगितलं. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं होतं. ती रडली नाही, आधी कपाटातून बॅग काढली, पासपोर्ट काढला, पायात बूट घातले आणि मग एजन्सीत येणाऱ्या कुठल्याही बाईसारखं विचारलं, "असर मिळेल?"

"नाही मिळणार."

"थोडक्यात हुकतेय?"

"पस्तीस मिनिटं."

ती बूट काढायला खाली बसली. "तू म्हणतोस म्हणजे नाहीच," एवढंच बोलली, आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. घरात बायांची गर्दी, तिथे त्याला बसवेना. दहा-अकरा वाजेपर्यंत नुसते कागद इकडचे तिकडे करत होता. बाराच्या सुमाराला त्याने पडद्यावर तो नकाशा उघडला ज्यात उडणारी विमानं मुंग्यांसारखी सरकताना दिसतात, आणि ट्युनिस-वहरानची मुंगी शोधून काढली.

"कशाला बघताय? जखमेवर मीठ चोळायला?"

"उशिरा येतंय का बघतो. उशीर झाला तर बरं वाटेल."

मुंगी किनाऱ्याकिनाऱ्याने आली, खाली झुकली आणि वहरानच्या धावपट्टीवर थांबली. बेनयूनसने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा.

"तासभर आधी कसं काय उतरलं?" तो म्हणाला.

"वारा पाठीवर असेल," मी म्हणाले. एकोणीस वर्षं तिकिटं विकतेय मी, आणि हे बोलले.

"एवढा वारा नसतो, हफीदा."

तो घड्याळाकडे बघत राहिला. मग घड्याळाखालच्या खुर्चीकडे, जिच्यावर मी चढले होते. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरताना मला दिसलं. तेव्हा मीही घड्याळाकडे पाहिलं.

"तिकडे किती वाजले?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"सव्वा," मी म्हणाले.

त्याने आता डोळे मिटले. ओठ हलले. "पावणेचारला दारात. तिकडची असर चार चाळीस. चार दहाला उचलणार." डोळे उघडले तेव्हा ते लाल झाले होते. "पंचवीस मिनिटं मिळत होती तिला. आईजवळ बसायला पंचवीस मिनिटं मिळत होती."

सगळ्यात वाईट हे, की म्हातारी अजून घरातच होती. आमच्या घड्याळाने तीन दहाला उचलायची, म्हणजे जवळजवळ तीन तास शिल्लक. मोटारीने अर्धा तास. गाढवावरून निघालं तरी पोहोचेल एवढं अंतर. तो उठला आणि किल्ल्या घेतल्या.

"कुठे निघालात?"

"जूज बघालला. सांगतो त्यांना."

"कुणाला? काय सांगणार?"

"की चूक माझी आहे. तिची नाही."

मी दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या गाडीत बसले. त्याला एकट्याला जाऊ द्यायची माझी छाती झाली नाही. रस्ता चांगला रुंद आहे, मधे खजुराची झाडं, आणि सरळ जाऊन आडव्या खांबांपाशी संपतो. खांबांपलीकडे तोच रस्ता तसाच पुढे जातो, तेच डांबर, फक्त त्यावर गवत उगवलंय. पहाऱ्यावरचा शिपाई तरुण होता, ओठ उपासाने सुकलेले. बेनयूनसने त्याला सगळं सांगितलं, विमानाची वेळ, असरची वेळ, पंचवीस मिनिटं, घड्याळ. शिपायाने मधे एकदाही तोडलं नाही.

"बायकोला आणतो अर्ध्या तासात," बेनयूनस म्हणाला. "ती एकटी चालत जाईल. तिकडून भाऊ येईल घ्यायला. तोंड बघेल आणि परत येईल. बेटा, चूक माझी होती, तिने का भोगायची?"

"हाजी," शिपाई म्हणाला, "माझी खाला राहते तिकडे. मी तिला जन्मात पाहिलेलं नाही. घरी जा, उन्हात उभे राहू नका."

तरी दोन वाजून जाईपर्यंत तो खांबांपाशीच उभा होता. परतीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, "तिला सांगू?"

"नका सांगू," मी म्हणाले. "तिला वाटतंय नाहीच मिळालं असतं. वाटू द्या. तेवढंच तिचं राहिलंय." मला अजून वाटतं मी बरोबर बोलले. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो?

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. दिवाणखान्यात बाया भिंतीला टेकून बसलेल्या. यमीनाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि पडद्यावर मघनियाच्या घरातली खोली दिसत होती. कद्दूरच्या मुलीने तिकडून फोन धरला होता. पांढऱ्या कापडातून लल्ला खैराचं तोंड तेवढं उघडं. यमीना पडद्याला नाक लावून बसली होती. बेनयूनस दारातच थांबला, मी त्याच्या मागे.

पडद्यावर एक तरुण वाकला आणि त्याने म्हातारीच्या कपाळावर ओठ टेकले.

"कोण गं हा?" यमीनाने विचारलं.

"आत्या, नासर ना! मलिका आत्याचा मुलगा. ट्युनिसला असतो तो. आज दुपारच्या विमानाने आला. पावणेचारला पोहोचला, आजीजवळ बसून कुराणातली यासीन वाचली."

"पावणेचारला?" यमीना म्हणाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे तीनला पाच कमी होती. "आत्ता किती वाजलेत तुमच्याकडे?"

"चार होतील आता."

यमीना भोळी नव्हती. ती मान वळवून दाराकडे बघायला लागली. मी बेनयूनसची बाही ओढली, पण तो माझं ऐकणाऱ्यातला नव्हता, आणि खोटं त्याला कधी जमलंच नाही.

"तास राहिला, यमीना," तो म्हणाला. "तिकडचा तास धरायचा राहिला माझ्याकडून."

एक बाई "या रब्बी" म्हणाली. यमीनाने विचारलं, "कद्दूरला एक फोन का नाही केलास? नुसतं विचारायचं होतं."

"मी कधी विचारत नाही," बेनयूनस म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर पुरुषांचे आवाज आले. कलमा म्हणत चौघे आत आले आणि म्हातारीचं तोंड झाकलं. कद्दूरची मुलगी रडायला लागली असावी, कारण तिच्या हातातला फोन कलंडला. मग आम्हाला फक्त छत दिसत राहिलं, त्यावरचा दिवा आणि एक ओल आलेला कोपरा. यमीना त्या छताकडे बघत होती. आवाज लांब लांब जात बंद झाले.

पुढचे सव्वीस दिवस तिने त्याच्यासमोर रोज संध्याकाळी हरीरा सुपाचा वाडगा ठेवला, खजूर ठेवले, आणि कामापुरतं बोलली. ती शिव्या देत नव्हती, हेच त्याला सोसत नव्हतं. मला म्हणाला, "सुतार निदान बोलला तरी." एजन्सीत कुणी येऊन 'असर मिळेल का' विचारलं की तो छापील कागद पुढे करायचा. "वेळा लिहिल्या आहेत. तुमचं तुम्ही बघा." एक म्हातारा भडकला. "अरे, मला वाचता येत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?" बेनयूनसने कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. तेव्हापासून मय्यतवाले माझ्याकडे येतात. मी पलीकडे फोन लावते, घड्याळात किती वाजले ते दोनदा वदवून घेते, आणि तरीही माणूस पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे त्याने अठ्ठावीस वर्षं कसं केलं, देव जाणे.

ईद झाली. मी खुर्चीवर चढून घड्याळ परत पुढे केलं. या वेळी खुर्ची धरायला तो उठला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने यमीना आली. शुक्रवार होता, पण हातात पोळ्यांचा डबा नव्हता. आली ती माझ्या टेबलासमोर बसली. बेनयूनस हातभर अंतरावर होता. ती त्याच्याकडे वळली नाही आणि तोही पडद्यातून वर बघेना.

"मघनियाचं काढ," ती म्हणाली.

"चाळिसाव्याला?"

"ते होऊन जाईल बहुतेक. कधीचंही काढ."

मी मंगळवारचं बघितलं. "परतीचं कधीचं?"

"एकेरी."

"लल्ला यमीना, परतीचं उघडं ठेवता येतं, वर्षभरात केव्हाही..."

"हफीदा," ती शांतपणे म्हणाली, "एकेरी."

मी कळ दाबली. आमचं छपाईचं यंत्र बेनयूनसच्या बाजूला आहे. कागद बाहेर आले. मी उठणार होते, पण तो उठला. त्याने ते नीट जुळवले, दोन्ही हातांनी आणून तिच्यासमोर ठेवले आणि अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलं नसेल इतकं तपशीलवार सांगायला लागला.

"वहरानला सव्वा वाजता उतरेल. आता दोन्हीकडे घड्याळ एकच आहे, मी ईदनंतरच कद्दूरला फोन करून विचारून ठेवलंय. सामानाला अर्धा तास लागेल. टॅक्सी बाहेर उजव्या हाताला असतात. त्याला सांग, मोठ्या रस्त्यानेच ने. पावणेचारला दारात असशील. असरच्या पुष्कळ आधी."

यमीनाने कागदांची घडी केली आणि पर्समध्ये घातली.

"सावकाश गेले तरी चालेल," ती म्हणाली. "आता तिथे कोण थांबलंय?"

त्याला आता दहा महिने झाले. कद्दूर कधीतरी फोन करतो, ती बरी आहे म्हणतो. बेनयूनस पुढच्या वसंतात जाऊन तिला घेऊन येणार आहे.